फेस कुठे करावा?

दिवाळी जवळ आली की रत्नागिरीतली घरे भरू लागतात. मुंबईचा थोरला येतो, पुण्याचा धाकटा येतो, त्यांच्यामागोमाग नातवंडे येतात. १९९८ साली कोकण रेल्वे सलग सुरू झाली, तेव्हापासून घाटातल्या वळणांचे निमित्त सांगून दिवाळी चुकवण्याची सोयही उरलेली नाही. घर भरले की मतभेदही भरतात. स्वयंपाकघरात चकलीच्या भाजणीवरून, माजघरात परतीच्या तिकिटांवरून, आणि पडवीत, जिथे खुंटीला आरसा टांगलेला असतो तिथे, दाढीवरून.

पहाटे उठून, उटणे लावून अंघोळ करायची, तेव्हा दाढीला वेळ कुठला? म्हणून नरकचतुर्दशीच्या आदल्या दिवशीच घरातले पुरुष आरशापुढे रांग लावतात. ही रांग एकदा निवांत पाहण्यासारखी असते. आजोबा पितळी वाटीत साबण घोटत बसलेले असतात. त्यांचे चिरंजीव ओला ब्रश साबणाच्या वडीवर चार वेळा फिरवतात आणि थेट गालावर घासू लागतात. नातू डबा हलवतो, बटण दाबतो आणि तळहातावर आलेला फेसाचा गोळा तोंडाला फासून मोकळा होतो. ज्या नातवाने दाढी राखलेली असते, तो या तिघांकडे दयाबुद्धीने पाहत चहा पीत बसतो. त्याला या वादात मताचा अधिकार नाही.

खरा सामना पहिल्या दोघांत. वाटीवाले म्हणतात, "कणीक परातीत मळतात, पोटात नव्हे. फेस तयार करून मग लावावा." गालवाले म्हणतात, "तेल डोक्यावरच जिरवावे लागते. वाटीत कितीही चोळले तरी केसांना काय त्याचे?" दोन्ही दाखले बिनतोड आहेत, आणि म्हणूनच हा वाद वर्षानुवर्षे टिकला आहे. सुनेला मात्र त्यातले एकच कळते, की आमटीची वाटी एक कमी आहे आणि ती पडवीत सापडेल.

निकाल देण्याआधी एक प्रश्न विचारला पाहिजे. फेस लावायचा कशासाठी? बहुतेकांची समजूत अशी की साबणाने केस मऊ होतो. केस मऊ होतो तो पाण्याने. दाढीचा कोरडा केस हा त्याच जाडीच्या तांब्याच्या तारेइतका चिवट असतो, असे या धंद्यातले लोक सांगतात. तोच केस दोन-तीन मिनिटे पाण्यात राहिला की फुगतो, लवचीक होतो आणि पात्याखाली मुकाट्याने मान टाकतो. पाणी कोमट असेल तर काम आणखी लवकर होते. साबणाची कामे तीन. केसावरचा तेलकटपणा काढून पाण्याला वाट करून द्यायची, ते पाणी गालावरून ओघळू न देता धरून ठेवायचे, आणि पाते सरकावे म्हणून कातडीवर निसरडा थर द्यायचा. म्हणजे फेस हा पाण्याचा रखवालदार आहे. रखवालदार कितीही गलेलठ्ठ असला, तरी तिजोरीत काही नसेल तर त्याचा उपयोग काय?

इथेच वाटीवाल्यांची पंचाईत होते. वाटीत घोटता घोटता फेस वर येऊ लागला की माणसाला हुरूप चढतो. तो आणखी घोटतो. डोंगर उभा राहतो, शिखरे येतात. पण त्या डोंगरात हवाच फार आणि पाणी थोडे. असा फेस गालावर कापसासारखा बसतो, दिसायला शोभिवंत, पण खालचा केस कोरडाच. मग वस्तरा अडखळतो आणि दोष पात्याला लागतो. चांगल्या फेसाची खूण म्हणजे तो चकाकतो. श्रीखंडाच्या चक्क्यासारखा उभा राहणारा फेस कोरडा समजावा. सायीच्या दह्यासारखा जड, तुकतुकीत, बुडबुडे डोळ्यांना न दिसणारा फेस उत्तम. पातेल्यात साबणचुरा टाकल्यावर येतात तसे मोठे बुडबुडे दिसले तर साबण कमी पडला आहे.

गालवाल्यांचीही एक खोड आहे. त्यांना घाई फार. ब्रश गालावर अर्धा मिनिट फिरवायचा, पांढरे दिसले की वस्तरा उचलायचा. पण गालावर फेस करण्याचा सगळा फायदा त्या घासण्यात आहे. ब्रश गोल गोल फिरला की आडवे पडलेले केस उभे राहतात, मुळापर्यंत ओले होतात, आणि फेस तयार होईपर्यंत दोन मिनिटे आपोआप जातात. तीच दोन मिनिटे केसाला हवी असतात. वाटीवाला ती दोन मिनिटे वाटीवर खर्च करतो आणि त्याचा गाल तोवर कोरडा राहतो. आधी तोंड नीट भिजवले नसेल तर. गालवाला ती गालावर खर्च करतो. घाई केली नसेल तर. दोघांच्याही यशाचे मर्म या दोन "तर"मध्ये आहे.

आता रत्नागिरीचा विशेष मुद्दा. पुण्याहून आलेले पाहुणे इथे दाढी करताना म्हणतात, "तुमच्याकडे साबण फार फेसाळतो बुवा!" साबण तोच असतो, पाणी बदललेले असते. आपला जांभा दगड हा हजारो पावसाळ्यांनी धुऊन काढलेला. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस झेलता झेलता त्यातला चुना आणि मॅग्नेशियम केव्हाच वाहून गेले. मागे उरले ते मुख्यतः लोखंड आणि ॲल्युमिनियम. म्हणून त्या दगडात मुरलेले पाणी सामान्यतः मऊ. सोलापूर-बीडकडच्या विहिरीचे किंवा कूपनलिकेचे पाणी पाहा. तिथे पाऊस कमी, काळ्या दगडातला चुना पाण्यात उतरतो, आणि साबण फेस होण्याऐवजी त्या चुन्याशी संगनमत करून पांढरट, चिकट साका बनतो. ब्रशच्या मुळाशी, बादलीच्या कडेला बसतो तो हाच. साबणाचा पहिला हप्ता पाण्यातला चुना फेडण्यात जातो, मग उरलेल्याचा फेस.

यावरून व्यवहाराची गोष्ट ध्यानात ठेवावी. मऊ पाण्याच्या गावात साबण थोडा घ्यावा आणि पाणी सढळ. गालावरसुद्धा फेस झटपट होतो. जड पाण्याच्या गावात साबण जास्त घ्यावा, आणि तिथे वाटी खरोखर उपयोगी पडते, कारण फेस जमला की नाही हे तोंडाला लावण्याआधीच कळते. कोणी रत्नागिरीकर नोकरीसाठी देशावर गेला आणि "आमचा साबण आता पूर्वीसारखा राहिला नाही" म्हणू लागला, तर साबण कंपनीला पत्र लिहिण्याआधी त्याने एकदा गाळलेल्या पावसाच्या पाण्याने दाढी करून पाहावी. किनाऱ्याजवळच्या विहिरी उन्हाळ्यात मचूळ होतात, त्यांना मात्र हा नियम लागू नाही.

साबणाचेही दोन स्वभाव असतात. खोबरेल तेलाचा साबण झटकन आणि मोठा फेस देतो. समुद्राच्या खाऱ्या पाण्यातसुद्धा तो फेसाळतो, म्हणून जहाजांवर खलाशांसाठी असाच साबण नेत. पण त्याचा फेस जसा येतो तसा जातो. दाढीच्या साबणाला टिकाऊ फेस लागतो, म्हणून त्यात स्टिअरिक आम्ल मुख्य असते. ते साध्या कॉस्टिक सोड्याबरोबर कॉस्टिक पोटॅशनेही साबणात बदलतात, त्यामुळे वडी मऊ राहते आणि फेस दाट येतो. खोबरेल थोडेसे, जामनास चढवण्यापुरते. अंगाच्या साबणाने दाढी करणारे काटकसरी लोक अर्धा गाल होईपर्यंत दुसऱ्या अर्ध्या गालावरचा फेस वाळलेला पाहतात, त्याचे कारण हे.

हा सगळा वाद आपल्याकडे तसा अलीकडचा. बारा बलुतेदारांतला न्हावी धोकटी घेऊन दारी येई, तेव्हा त्याच्याकडे पाण्याची वाटी असे, पण फेसाचा प्रश्नच नसे. तो बोटे पाण्यात बुडवून गाल चोळत बसे, आणि चोळता चोळता गावातल्या चार बातम्या सांगून होईपर्यंत केस भिजलेला असे. पाण्याला वेळ द्यावा लागतो, हे शास्त्र त्याला पुस्तकावाचून ठाऊक होते. गप्पा हाच त्याचा साबण. युरोपात न्हाव्याचे पितळी घमेले असे, गळ्याला टेकावे म्हणून काठाला अर्धगोल खाच असलेले. सर्व्हान्टिसच्या "डॉन किहोते"च्या १६०५ साली निघालेल्या पहिल्या भागात एक न्हावी पावसात नवी टोपी भिजू नये म्हणून हेच भांडे डोक्यावर घालतो, आणि वेडा वीर ते सोन्याचे शिरस्त्राण समजून हिसकावून घेतो. आपल्या पावसात इरले घेऊन हिंडलेल्या कोणालाही त्या न्हाव्याचे चुकले असे वाटणार नाही.

जोवर दाढी न्हाव्याच्या हातात होती, तोवर फेस कुठे करायचा हेही तोच ठरवी. १९०३ साली अमेरिकेत किंग जिलेट यांच्या कंपनीने बदलत्या पात्याचा वस्तरा विकायला काढला. पहिल्या वर्षी खपले अवघे ५१ वस्तरे आणि १६८ पाती. पण पुढे पहिल्या महायुद्धात तो सैनिकांच्या पिशवीत गेला आणि तिथून घरोघर. दाढी घरात आली आणि तिच्याबरोबर हा वादही.

या इतिहासात एक गंभीर प्रकरण आहे, आणि ते दोन्ही पक्षांनी वाचावे. उत्तम ब्रश बिज्जूच्या केसांचा समजत. महायुद्धात त्या केसांचा व्यापार विस्कळित झाला, तेव्हा घोड्याचे केस रंगवून, बिज्जूचे भासवून ब्रश बनवले जाऊ लागले. त्यातले काही केस नीट निर्जंतुक केलेले नव्हते. गुरांना होणाऱ्या फाशी रोगाचे, म्हणजे अँथ्रॅक्सचे जंतू त्यांत होते. वस्तऱ्याच्या बारीकशा जखमेतून ते शिरले, आणि ब्रिटन-अमेरिकेत मिळून दोनशेहून अधिक सैनिक व नागरिक आजारी पडले, काही दगावले. १९२० साली ब्रिटनने जपानी ब्रशांची आयातच बंद केली. आज तशी भीती नाही, पण धडा कायम आहे. वाटी की गाल यापेक्षा ब्रश स्वच्छ आहे का, हा प्रश्न आधीचा. आपल्याकडे पावसाळ्यात चपलेला बुरशी येते, ब्रशला का येणार नाही? दाढी झाली की तो खळखळून धुवावा, झटकावा आणि केस खाली करून वाऱ्याला टांगावा. डबीत घालून झाकण लावणे म्हणजे बुरशीला बिऱ्हाड करून देणे. आणि एका घरात चार पुरुष असले तरी ब्रश चार असावेत. वाटी एक चालेल, धुऊन. अमेरिकेत एके काळी न्हाव्याच्या दुकानात फळीवर गिऱ्हाइकांचे मग मांडलेले असत, ज्याच्या त्याच्या नावाचे, ते काही केवळ ऐटीसाठी नव्हते. एकाची पुळी दुसऱ्याच्या गालावर जाऊ नये ही काळजी त्यात होती.

डब्यातल्या फेसाचा पक्ष धरणाऱ्या नातवांना वाटते, आपण आधुनिक. तर ब्रशाविना दाढी हीही शंभर वर्षांची म्हातारी. ब्रह्मदेशचा थिबा राजा १८८६ पासून १९१६ साली मरेपर्यंत आपल्या रत्नागिरीत नजरकैदेत होता; तो गेल्यानंतर नऊच वर्षांनी, १९२५ साली, त्याच्या देशाचे नाव लावून "बर्मा-शेव्ह" नावाचे बिनब्रशाचे मलम अमेरिकेत बाजारात आले. घाईच्या सकाळी डबा ठीक आहे. पण त्याचा फेस चोळावा लागत नाही, म्हणून केस उभा राहत नाही आणि पाण्याला वेळही मिळत नाही. आधी तोंड कोमट पाण्याने दोन मिनिटे भिजवले, तरच त्याची किंमत वसूल होते.

आता निकाल. दाढी राठ असेल, कातडी धडधाकट असेल आणि पाणी मऊ असेल, तर फेस गालावर करावा. म्हणजे बहुतेक रत्नागिरीकरांनी गालपक्षात जायला हरकत नाही. तोंड भिजवावे, ब्रश दोन मिनिटे पाण्यात ठेवून पिळावा, साबणावर वीस-तीस वेळा फिरवावा, मग गालावर गोल गोल, मधून मधून ब्रशचे टोक पाण्यात बुडवत. शेवटी भिंतीला चुना काढतात तसे वर-खाली चार हात, की फेस सारखा बसला.

कातडी नाजूक असेल, तोंडावर मुरुमे असतील, घासल्याने गाल चुरचुरत असेल, तर वाटी. वयात येणाऱ्या मुलांनी तर वाटीनेच सुरुवात करावी. वाटीला पितळ हवे असे नाही. नारळाची करवंटी उत्तम. तिचा आतला खरखरीतपणा फेस धरायला उपयोगी पडतो, म्हणून तर हल्लीच्या विकतच्या वाट्यांना आत मुद्दाम कंगोरे पाडतात. वाटीत चमचाभर पाण्याने आरंभ करावा, आणि तोंड मात्र त्याआधी भिजवून ठेवावे. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, तर दोन्ही पक्ष सोडून डॉक्टरांच्या सल्ल्याने विजेचे यंत्र घ्यावे. तिथे पक्षाभिमान कामाचा नाही.

एका घरात मात्र हा निकाल माझ्याही आधी लागला, आणि तो कसा लागला हे सांगितल्याशिवाय राहवत नाही. आमच्या आळीत एक निवृत्त हेडमास्तर राहतात. गालपक्षाचे कट्टर पुढारी. मुलाला मिसरूड फुटले तेव्हा त्याला समोर बसवून ब्रश कसा फिरवायचा हे त्यांनी विभक्तिप्रत्ययांसारखे पाठ करून घेतले होते. वाटीत फेस करणाऱ्याला ते "आळशी" म्हणत. पंचाहत्तरी उलटल्यावर त्यांना अर्धांगाचा झटका आला. उजवा हात गेला, जीभ जड झाली. सलूनवाला घरी येऊन दाढी करून जाई, पण मास्तर तोंड फिरवून घेत. आयुष्यभर ज्याने स्वतःची दाढी स्वतः केली, त्याला परका हात नको होता. शेवटी मुंबईहून आलेल्या मुलाने ब्रश हातात घेतला.

शिकवल्याप्रमाणे त्याने गालावर फेस करायला घेतला. पण सैल पडलेला गाल ब्रशाबरोबर सरकू लागला, फेस ओठाच्या लोंबलेल्या कोपऱ्यातून तोंडात जाऊ लागला, पातळ कातडी लाल झाली. मास्तरांच्या डोळ्यांत पाणी आले. दारात उभी असलेली सून हळूच म्हणाली, "अहो, वाटीत करून घ्या ना. बाळाला लावतात तसा हलक्या हाताने लावता येईल."

मुलगा जरा थबकला. वडिलांच्या देखत वाटी घ्यायची म्हणजे काय! पण घेतली. पलंगाजवळ बसून, मांडीवर वाटी धरून तो घोटू लागला. मास्तर टक लावून वाटीत पाहत होते. थोड्या वेळाने त्यांचे ओठ हलले. "पाणी..."

मुलाने धावत फुलपात्र आणले. मास्तरांनी मान हलवली, नको. डावे बोट कष्टाने उचलून वाटीकडे दाखवले. "पाणी... कमी."

"अण्णा, फेसात पाणी कमी आहे म्हणताय?"

मास्तरांनी डोळे मिटून होकार दिला. मुलाने चार थेंब घातले, पुन्हा घोटले. फेस चकाकू लागला. "हं," मास्तर म्हणाले, आणि गाल पुढे केला.

त्या दिवसापासून रोज सकाळी वाटी आधी मास्तरांपुढे धरली जाते. कधी "पाणी", कधी "साबण", कधी नुसतेच "हं". तो "हं" मिळाल्याशिवाय ब्रश गालाला लागत नाही. सुनेच्या म्हणण्याप्रमाणे दिवसभरातले त्यांचे सगळ्यांत स्पष्ट शब्द तेच. मास्तरांना तपासायला रोज एक वही मिळू लागली आहे.

वाटी की गाल, हा वाद घरोघर खुशाल चालू द्यावा. पण ज्यांच्या घरात थरथरणारा एखादा हात असेल, त्यांनी या दिवाळीत कोमट पाणी, स्वच्छ ब्रश आणि एक वाटी घेऊन त्या माणसाजवळ दहा मिनिटे बसावे. आणि फेस कसा झाला आहे, हे त्यालाच विचारावे.